साडेसहा बाय पंचावन्न

नावन,
रविवार, २ मे २०२१

प्रिय सलील,

'प्रिय' हा शब्द सवयीने लिहून गेला. खोडत नाही, पण त्यावर फार विसंबू नकोस. मी रागावलेलो आहे आणि हे पत्र रागातच पुरं करणार आहे. तू फोन उचलत नाहीस. मेसेज पाठवला की दोन निळ्या खुणा उमटतात आणि पुढे काही नाही. म्हणून पंधरा वर्षांत पहिल्यांदाच तुला टपालाने पत्र लिहितो आहे. नंदा म्हणाली, "एवढा राग आहे तर आज नका लिहू, उद्या लिहा." मी तिला म्हटलं, उद्यापर्यंत तो उतरला तर लिहून काही उपयोग नाही.

तुझं पाकीट गुरुवारी मिळालं. आत तूच टाइप केलेलं माझं पत्र. मी तुला पंधरा वर्षं ओळखतो, तू शांत, स्थिर, जबाबदार माणूस आहेस, तुझ्या हाती रायफल द्यायला कुणाचीही हरकत असू नये, असं मी त्यात कोर्टाला सांगतो आहे. खाली सहीच्या जागी पेन्सिलची फुली. वर चिकटवलेल्या पिवळ्या चिठ्ठीवर तुझं तिरकं अक्षर: "बुवा, अपिलाची मुदत चौदाला संपते. सही करून लगेच पाठव. पोलीस ठाण्यातल्या गार्डांनी परवाना नाकारला तो कुणाच्या चुगलीवरून, ते मला ठाऊक आहे." बस. नंदा कशी आहे, नाही. आमच्या श्रावणीची लीव्हिंग सर्टची, इथल्या बारावीची, परीक्षा तोंडावर आली आहे, तिचं नावही नाही. हमालाला बोलवावं तसं मला बोलावलंस. सही केलेली नाही. का केली नाही ते सांगणार आहे, पण माझ्या क्रमाने सांगणार. तुला घाई आहे म्हणून मी घाई करणार नाही.

आधी विनयचं बोलतो, कारण त्याच्या बाबतीत तू जे केलंस त्याने माझी झोप गेली आहे. तुझ्याच ऑफिसातला तो सोलापूरचा मुलगा, वय तिशीच्या आत, परक्या देशात बायकोचं पहिलं बाळंतपण आलेलं. त्याचा गुन्हा काय, तर दीड वर्षापूर्वी मराठी मंडळाच्या ग्रुपवर तो म्हणाला होता, "सलीलदादा, तिकडे मुंगी मारली नाही आणि इकडे येऊन हरणं मारता?" सगळे हसले होते, तूही हसला होतास. एप्रिलमध्ये तुझा अर्ज फेटाळला गेला आणि तुला ते वाक्य आठवलं. एकशे बारा माणसांच्या त्या ग्रुपवर तू लिहिलंस, "आपल्यात गार्डांचा एक खबऱ्या आहे. सोलापूरचं पाणी." शनिवारी त्याच्या दारात उभा राहून आरडाओरडा केलास. आत त्याची बायको सातव्या महिन्यात होती. त्या रात्री त्याने मला फोन केला. "काका, मी कुणाशी काही बोललोच नाही हो. त्यांच्या अर्जाचंच मला त्यांच्या तोंडून कळलं." रडत होता. आता तो दूर सँट्रीला घर शोधतो आहे. तुमच्या डंडॉकमध्ये मराठी माणसं त्याच्याकडे बघून रस्ता ओलांडतात म्हणे. सलील, तू नावनला असताना तुझ्या तोंडात कधी शिवी ऐकली नव्हती मी. टोमणे पुष्कळ ऐकले, पण ते वेगळं.

टोमण्यांवरून आठवलं. दोन हजार सहा साली आपण चौघं त्या ओलसर घरात राहायचो. स्वयंपाकघरातल्या प्रेसमध्ये, म्हणजे कपाटात, वरच्या फळीवर तुझ्या बाटल्या आणि खालच्या फळीवर माझे पोहे. पहिल्याच आठवड्यात तू मला विचारलंस, पुण्याच्या आधी कुठे होतो. मी सांगितलं, दारूगोळ्याच्या कारखान्यात, नऊ वर्षं, काडतुसांच्या पुंगळ्या तपासायला. तू माझ्या गळ्यातल्या तुळशीच्या माळेकडे बघितलंस, मग माझ्या ताटातल्या भेंडीकडे, आणि इतका हसलास की तुला ठसका लागला. "म्हणजे काडतूसबुवा!" ते नाव मला चिकटलं. मंडळात अजून काही लोकांना माझं खरं नाव ठाऊक नाही. तुला ते विनोदी वाटायचं. मला तेव्हा लागायचं. आज सांगतो, फार लागायचं.

कारण त्यामागची गोष्ट तुला मी कधी सांगितली नाही. आमच्या खानदेशातल्या गावात सातवीपर्यंत शाळा, शाळेला लागून मारुतीचं देऊळ, आणि देवळात माझे आबा दर गुरुवारी पखवाज वाजवायचे. आयटीआय करून मी कारखान्यात लागलो. हातात मापाचं गेज, समोर पितळेचा ढीग. पास, नापास, पास, पास. पहिल्या पगाराचे पेढे आबांनी देवापुढे ठेवले आणि मला एकच विचारलं, "विलास, तू पास केलेली पुढे कुठे जाते रे?" मी म्हटलं, "आबा, ते आमच्या रजिस्टरला नसतं." त्यांनी मान हलवली. पुन्हा कधी विचारलं नाही, आणि पेढाही खाल्ला नाही. नऊ वर्षं मी ती नोकरी केली, चांगली केली. माझ्या टेबलावरून वाईट पुंगळी पुढे गेली नाही. पण ती सोडून पुण्यात, हॉस्पिटलात लागणाऱ्या कॅथेटरच्या नळ्या तपासायला लागलो तेव्हा पहिल्यांदा मला शांत झोप लागली. काम तेच, पास आणि नापास. फक्त माल कुठे जातो ते इथे ठाऊक असतं.

एवढं सगळं असूनही, तू एकोणीसच्या ऑक्टोबरात रायफलींबद्दल विचारायला लागलास तेव्हा मला आनंद झाला. हे कबूल केलं पाहिजे. मला शिकार आवडत नाही. तू आणलेलं हरणाचं मटण मी घरात घेतलं नाही, तुला दारातूनच परत पाठवलं, आणि त्यावरून आपण महिनाभर अबोला धरला. पण काडतूस ही वस्तू मला कळते. नळ्यांपलीकडे मला काही कळतं हे इथे कुणाला ठाऊक नव्हतं, आणि तू वही घेऊन समोर बसलास. तुझा शेजारी डिक्लन मॅकार्डल, शेतकरी. त्याच्या नव्या झाडांच्या साली फॅलो जातीची हरणं ओरबाडून खात होती, म्हणून तो तुला सोबत न्यायचा. तू रीतसर कोर्स केलास, रेंजवर जाऊन कागदाला भोकं पाडलीस, आणि मग दर रविवारी माझ्याकडे. "बुवा, ह्या युरोपच्या काडतुसांच्या नावात दोन-दोन आकडे कशाला?" मी सांगितलं, पहिला गोळीचा व्यास, दुसरी पुंगळीची लांबी, दोन्ही मिलिमीटरमध्ये. साडेसहा बाय पंचावन्न. सात बाय चौसष्ट. आठ बाय सत्तावन्न. अमेरिकेची नावं इंचात, युरोपची मिलिमीटरमध्ये. हा सरळ माणसांचा हिशेब आहे. त्यावर तू म्हणालास, "सरळ माणसांचा असता तर मारायला कशाला लागला असता?" बरोबर बोललास. चहा सांडेपर्यंत हसलो होतो.

तुला आधी नऊ पूर्णांक तीन बाय बासष्ट हवी होती. मोठी, जर्मन, दणकट. मी विचारलं, इथे रानडुक्कर कुठलं? एल्क कुठलं? एवढी जड गोळी सत्तर किलोच्या हरणाला लावून काय करणार? आणि खांदा महिनाभर काळानिळा. शिवाय सात पूर्णांक बासष्ट मिलिमीटरच्या वरचं सगळं इथे वेगळ्या यादीत जातं, परवानगी वरच्या अधिकाऱ्याकडे. मग तुझं मन आठ बाय सत्तावन्नवर गेलं. तीही त्याच यादीत जाते हे सांगितलं तरी तू ऐकेनास, कुणाच्या तरी आजोबांची सुंदर अक्रोडी दस्ता असलेली विकायला होती म्हणून. तेव्हा मी तुला ओरडलो होतो. ह्या आठच्या जुन्या नळ्या दोन मापांच्या आहेत. जुनी नळी अरुंद, नवी गोळी किंचित जाड. नीट मापल्याशिवाय उडवलीस तर नळी फुटेल आणि पुढचा आकडा मोजायला तू नसशील. किती काळजीने ओरडलो होतो! आज त्या वाक्याची लाज वाटते. का, ते पुढे येईल.

शेवटी आपण साडेसहा बाय पंचावन्नवर आलो. स्वीडन-नॉर्वेवाल्यांचं सव्वाशे वर्षांचं काडतूस. धक्का कमी, लांबट गोळी आत सरळ जाते, मांस नासत नाही, जनावर तळमळत नाही. हलक्या वेगवान गोळ्यांनी खांद्याचं मांस रक्ताने भरून वाया जातं, हे डिक्लनने तुला सांगितलं होतं आणि तू मला पटवलंस. शिष्याने गुरूला शिकवलं ते एवढंच. डिक्लन मला न बघताच 'तो गणितवाला युअर मॅन', म्हणजे गणितवाला गडी, म्हणायला लागला. तेव्हाचे तुझे प्रश्न मला अजून पाठ आहेत. "एकशे वीस मीटरवर किती खाली पडेल? दोनशेवर? डोंगरावरून वारा आडवा आला तर?" एकदा पहाटे फोन केलास, की कुंपणापासून ओढ्यापर्यंत एकशे चाळीस पावलं भरली, पण जड बूट घालून पुन्हा मोजली तर एकशे एकावन्न. कुठली धरू? मी म्हटलं, हरीण बूट बघत नाही, मीटरपट्टी घेऊन जा. तू खरंच घेऊन गेलास. दव पडलेल्या गवतात, चाळीस वर्षांचा इंजिनिअर, हातात मीटरपट्टी. डिक्लन म्हणाला म्हणे, ग्रँड, झकास, आता हरणांना उभं राहायची जागा आखून दे.

आणि मग तुझ्या सुरुचीने पडदा पाडला. "बंदूक घरात आली तर मी बाहेर." संपलं. तू कुरकुरलास, पण तुला मनातून ते आवडलं होतं, कुणीतरी ठामपणे नाही म्हणणारं घरात असणं. तुझ्यासाठी केलेला आकड्यांचा तक्ता मी फाइलला लावला. वीसच्या फेब्रुवारीत ती आईच्या ऑपरेशनसाठी मिरजेला गेली, तीन आठवड्यांसाठी. साथीमुळे विमानं बंद झाली. सप्टेंबरात सुरुची तिकडेच गेली, कायमची. तिचं शेवटचं दर्शन तुला फोनच्या पडद्यावर झालं. मेव्हण्याने फोन धरला होता आणि चित्र सारखं हलत होतं, एवढंच तू मला सांगितलंस. त्यानंतर तीन महिने काही नाही. मी रोज संध्याकाळी दिवा लावून नाम घेतो, त्यात तुझं नाव घालत होतो. देवाला तुझं नाव सांगत होतो आणि तुझ्या दारात येत नव्हतो. काउंटीच्या, म्हणजे जिल्ह्याच्या, बाहेर जायला बंदी होती हे खरं. पण नाताळात आठ दिवस मुभा होती हेही खरं.

त्या आठ दिवसांत मी काय करत होतो, ते ऐक. डिसेंबरच्या मध्यावर तुझा फोन आला. "बुवा, रायफल घ्यायची म्हणतो. तुझा तो तक्ता नव्याने करून दे." माझ्या डोळ्यांत पाणी आलं. वाटलं, माणूस परत आला. त्याला पुन्हा कशात तरी रस वाटतो आहे. नंदाला मी ओरडून सांगितलं, "सलील बोलला!" आणि आठ दिवस मी टेबलावर बसून पट्टीने रेघा मारल्या. काडतूस, गोळीचं वजन, वेग, धक्का, मांसाची नासाडी, किती डबे हवेत. एका लॉटचेच डबे घे, लॉट बदलला तर गोळी लागायची जागा बदलते, हेही तळाला लिहिलं. जे रकाने मला भरता येत होते ते भरले. जे तुझ्यावर अवलंबून होते ते रिकामे ठेवले आणि लिहिलं, हे भरून परत पाठव, म्हणजे गोळीचं वजन नक्की करू. नव्वद किलोमीटर जाऊन-येऊन तुझ्या घरात बसायचं सोडून मी रेघा मारत होतो. मला माझ्या अकलेचा इतका गर्व चढला होता. तेव्हा तुझ्यावर चिडलो आहे त्याच्या दुप्पट मी कुणावर चिडलो आहे, ते तुला आता कळेल.

जानेवारीत तक्ता परत आला. मी बघितला, खूश झालो, फाइलला लावला. फेब्रुवारीत तुझ्याकडून एक खोकं आलं. आत वर्तमानपत्रात गुंडाळलेली सुरुचीची समई. चिठ्ठी नाही. नंदाने ती पुसून देवघरात ठेवली आणि म्हणाली, "हे त्यांनी का दिलं?" मी म्हटलं, घरात लावायला कुणी नसेल. तिने माझ्याकडे असं बघितलं की मी उठलो आणि फाइल काढली. सलील, नऊ वर्षं कारखान्यात आणि अठरा वर्षं नळ्यांवर, सत्तावीस वर्षं मी एकच काम केलं आहे. फॉर्ममध्ये काय लिहिलं आहे ते कुणीही वाचतं. काय लिहिलेलं नाही ते वाचण्याचा मी पगार घेतो. तू जवळजवळ सगळे रकाने भरले होतेस. रायफलीचा मेक, नवी की जुनी, दुकान, सगळं. 'किती डबे' ह्यापुढे लिहिलं होतंस, "एक. सुटी काडतुसं मिळत नाहीत का?" आणि 'अंतर' हा रकाना रिकामा होता.

बूट घालून आणि बूट काढून पावलं मोजणारा माणूस. त्याने अंतर लिहिलं नव्हतं. 'दुर्बीण' ह्या रकान्यात नुसती आडवी रेघ मारली होती. वाऱ्याबद्दल एक प्रश्न नाही. पुढच्या हंगामाचं नाव नाही, चालू हंगाम दोन महिन्यांत संपणार आणि तरी तुला घाई. वीस काडतुसांचा डबा तुला जास्त वाटत होता, आणि नुसती दुर्बीण जुळवायला कागदावर दहा जातात हे तूच मला शिकवलं होतंस. मी तो कागद घेऊन देवघरासमोर बसलो. समई तशीच, न लावलेली. आबांचा प्रश्न सत्तावीस वर्षांनी माझ्या पुढ्यात आला आणि या वेळी उत्तर माझ्याच अक्षरातल्या रेघांमध्ये होतं. तुला हरीण मारायचं नव्हतं. आणि तू ते काम माझ्याकडून मापून घेत होतास. माझ्या आनंदाचा फायदा घेऊन. ह्याचा राग मला आहे, सलील. देवाला रोज सांगतो हा राग काढून घे, आणि रोज सकाळी तो जागेवर असतो. तू माझ्याशी खोटं बोलला असतास तर एक वेळ चाललं असतं. तू मला आनंदात ठेवून वापरलंस.

त्याच संध्याकाळी मी डिक्लनला फोन केला. माझं इंग्रजी फोनवर अडखळतं, तरी बोललो. तो म्हणाला, "लीव्ह इट विथ मी, विलास." तेव्हापासून तो रोज सकाळी अंडी घेऊन तुझ्या दारात येतो. तू मला मेसेज केला होतास, म्हातारा वेडा झाला आहे, अंड्यांनी घर भरलं. त्याच्या कोंबड्यांनी अचानक एवढी अंडी द्यायला सुरुवात केली असं वाटलं का तुला? त्याने आपल्या बंदुकीच्या कपाटाची किल्ली भावाकडे नेऊन ठेवली आहे. हे त्याने कुणाला सांगितलं नाही, मला सांगितलं. तू त्याला 'बोलभांड' म्हणतोस.

आता सहीचं. नऊ मार्चला दुपारी प्लँटच्या पार्किंगमध्ये डबा खात होतो, तेव्हा ठाण्यातून एका गार्डबाईचा फोन आला. तू अर्जात मला न विचारता माझं नाव दिलं होतंस, ओळखीचा जबाबदार माणूस म्हणून. तिने नेहमीचे प्रश्न विचारले. किती वर्षं ओळखता, दारू किती, स्वभाव कसा. शेवटी म्हणाली, त्याला रायफल मिळू नये असं काही कारण तुम्हाला वाटतं का? मला तुझं घर आठवलं, सुरुचीची समई आठवली. वाटलं, ग्रँड म्हणावं आणि फोन ठेवावा. इथे सगळे सगळ्याला ग्रँड म्हणतात. मी म्हटलं, "तो पूर्वी आधी अंतर विचारायचा. या वेळी त्याने ते सोडून सगळं विचारलं." ती शेतकऱ्याची मुलगी असावी. तिने मला दुसरा प्रश्न केला नाही. एवढंच म्हणाली, "राइट सो," म्हणजे बरं तर, आणि मग हळूच, "थँक्स, विलास." म्हणजे तू ज्याला शोधतो आहेस तो खबऱ्या सोलापूरचा नाही, खानदेशातला आहे, आणि त्याला तूच नेमलं होतंस. विनय ह्यातलं काही जाणत नाही. ह्याच आठवड्यात ग्रुपवर, एकशे बारा माणसांसमोर, त्याची माफी माग. तू मागितली नाहीस तर शनिवारी मी हे सगळं तिथे लिहीन, मग लोक माझ्याकडे बघून रस्ता ओलांडू देत. मी तुझी माफी मागत नाही. पुन्हा विचारलं तर पुन्हा हेच सांगेन. तो रकाना आता तू भरून पाठवलास तरी सही करणार नाही. सोमवारी, दहा तारखेला, काउंटीबाहेर जायची परवानगी मिळते आहे. सकाळी दहाला मी तुझ्या दारात आहे, तक्ता आणि समई घेऊन. नंदाने भाकऱ्या बांधून दिल्या असतील. दुपारी आपण तुझ्या डॉक्टरांकडे जायचं आहे. फोन मी केला आहे, वेळ तीनची मिळाली आहे, आणि मी बाहेर गाडीत बसणार आहे. दार उघड. नाही उघडलंस तर सुरुचीने डिक्लनकडे ठेवलेली तुझ्या घराची किल्ली अजून त्याच्याकडेच आहे. आणि अंतर या वेळी मी लिहितो: दोन मीटर, सरकारी नियमाप्रमाणे. तू पायरीवर बस, मी गेटाला टेकून उभा राहीन. तुझ्याकडे मला द्यायच्या जेवढ्या शिव्या असतील तेवढ्या दे. तेवढ्या अंतरावरून नीट ऐकू येतात.

तुला नको असलो तरी तुझाच,
काडतूसबुवा